एका टिपणाचे दोन भाग : अण्वस्त्र-संशोधनाच्या आरंभकाळातील एक लेख

अण्वस्त्रांचा इतिहास सांगताना त्याचा आरंभ बहुधा अमेरिकेपासून केला जातो. १९३९ च्या ऑगस्टमध्ये आइन्स्टाइन यांच्या सहीने अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेले पत्र, १९४२ मध्ये स्थापन झालेली मॅनहॅटन योजना आणि न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉसची प्रयोगशाळा, हा क्रम आता सर्वपरिचित झाला आहे. तथापि आइन्स्टाइन यांच्या त्या पत्रात कल्पिलेला बाँब जहाजातून न्यावा लागेल इतका जड होता; विमानातून तो नेता येईल की नाही याविषयी पत्रातच शंका व्यक्त केली होती. विमानातून टाकता येण्याजोगे अस्त्र शक्य आहे हे हिशोबाने प्रथम दाखविले गेले ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे, १९४० च्या मार्च महिन्यात, ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या दोन निर्वासित शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या काही पानांच्या टिपणात. या टिपणाचे दोन भाग आहेत. पहिला शास्त्रीय असून दुसरा शासनकर्त्यांना समजावा अशा साध्या भाषेत आहे. दोन्ही भाग एकाच वेळी, एकाच हेतूने आणि त्याच दोघांच्या हातून लिहिले गेले. परंतु त्यांचे पुढील भाग्य सारखे नव्हते. पहिल्या भागातील आकडा पुढे चालत राहिला, दुसऱ्या भागातील एक वाक्य मात्र वाटेतच गळाले. ते कसे गळाले याचा मागोवा घेतल्यास आरंभीच्या अण्वस्त्र-संशोधनाचे स्वरूप पुष्कळसे स्पष्ट होते.

फ्रिश यांचा या विषयाशी संबंध त्याहून थोडा जुना होता. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना, युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला असता बेरियम निर्माण होते, असे आढळून आले. युरेनियमसारख्या जड मूलद्रव्यातून त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे मूलद्रव्य निघावे, याची उपपत्ती हान यांना लावता येईना. त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी लीझ माइटनर ज्यू वंशाच्या असल्यामुळे त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जर्मनीतून निसटून स्वीडनला गेल्या होत्या. नाताळच्या सुट्टीत त्यांचा भाचा फ्रिश त्यांच्याकडे आला असता, मावशी-भाच्यांनी बर्फातून फिरता फिरता हे कोडे सोडविले. द्रवाचा थेंब ताणला जाऊन दुभंगावा त्याप्रमाणे युरेनियमचे केंद्रक दुभंगते आणि त्यातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते, हे ते उत्तर होय. कोपनहेगनला परतल्यावर फ्रिश यांनी तेथे काम करीत असलेल्या विल्यम आर्नल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला, पेशी दुभंगते त्या क्रियेला काय म्हणतात असे विचारले. त्याने 'फिशन' हा शब्द सांगितला आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात तो पदार्थविज्ञानात प्रविष्ट झाला. सजीवांच्या वृद्धीचा वाचक असलेला शब्द अशा रीतीने या शास्त्रात आला. मराठीत हा धागा टिकलेला नाही. जीवशास्त्रात आपण 'विभाजन' म्हणतो, पदार्थविज्ञानात कोणी 'विखंडन' म्हणतात तर कोणी 'भंजन'. त्यामुळे मूळ उपमा मराठी वाचकाला दिसत नाही. पुढे घडले ते पाहता मराठी संज्ञाच वस्तुस्थितीस अधिक जवळची ठरली असे कोणी म्हटल्यास त्यात वावगे काही नाही.

१९३९ च्या उन्हाळ्यात फ्रिश बर्मिंगहॅमला आले आणि युद्ध सुरू झाल्यामुळे तेथेच अडकून पडले. तेथील पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख मार्क ऑलिफंट हे रडारसंबंधीच्या गुप्त कामात गुंतले होते. फ्रिश मूळचे व्हिएन्नाचे, म्हणजे त्या वेळच्या कायद्याप्रमाणे शत्रुराष्ट्राचे नागरिक. पायर्ल्स बर्लिनमध्ये जन्मलेले. त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले ते फेब्रुवारी १९४० मध्ये. रडारच्या कामात अशांना घेणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य समजले जात असे. अणुकेंद्राचा अभ्यास मात्र तातडीचा नसल्यामुळे त्यांना मोकळा होता. ज्या कामावाचून युद्ध अडणार नाही असे वाटत होते तेवढेच या दोघांच्या वाट्याला आले आणि त्यातूनच त्या युद्धातील सर्वांत भयंकर अस्त्राची कल्पना निघाली.

नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ अणुभाराचा समस्थानिक शेकडा ०.७ इतकाच असतो. उरलेला जवळजवळ सर्व भाग २३८ चा. मंद न्यूट्रॉनांनी दुभंगतो तो २३५ हाच, हे नील्स बोर यांनी दाखवून दिले होते. नैसर्गिक युरेनियमचा बाँब होणे अशक्य आहे, अशा समजुतीवर १९३९-४० च्या हिवाळ्यापर्यंत बहुतेकांचे समाधान झाले होते. फ्रिश यांनी स्वतः एका वार्षिक समालोचनात तसेच लिहिले होते. परंतु तो लेख लिहीत असताना त्यांना निराळाच प्रश्न सुचला: शुद्ध युरेनियम-२३५ पुरेशा प्रमाणात वेगळे काढता आले तर? साखळी-प्रक्रिया टिकण्यासाठी लागणारे किमान, म्हणजे क्रांतिक, वस्तुमान काढण्याचे सूत्र पायर्ल्स यांच्यापाशी तयार होते. त्यात आकडे घालून पाहता उत्तर टनांत न येता सुमारे ६०० ग्रॅम इतके आले. गोळ्याची त्रिज्या अवघी दोन सेंटिमीटरांच्या आसपास. समस्थानिक वेगळे करण्यासाठी क्लूझियस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढलेल्या उष्णता-विसरणाच्या नळ्या वापराव्या, अशा सुमारे एक लाख नळ्या पुरतील, असा त्यांचा अंदाज होता.

यातील दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. युरेनियमच्या ज्या वायुरूप संयुगावर ही पद्धत चालवायची, त्यावर तिचा परिणामच होत नाही, असे फ्रिश यांना स्वतःच्याच प्रयोगांत आढळले. पुढे ऑक्सफर्डमधील फ्रान्सिस सायमन या दुसऱ्या एका निर्वासिताने सच्छिद्र पडद्यातून वायू विसरित करण्याची पद्धत पुढे आणली. क्रांतिक वस्तुमानाचा आकडाही फार कमी होता. केंद्रकाचा काटछेद त्यांनी जवळजवळ दसपट मोठा धरला होता. उघड्या गोळ्यासाठी खरे मूल्य ५० किलोग्रॅमच्या आसपास आहे. हिरोशिमावर टाकलेल्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलोग्रॅम युरेनियम होते. ही चूक इतिहासाच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे. खरा आकडा मार्च १९४० मध्ये हाती आला असता, तर एका एकाकी पडलेल्या राष्ट्राच्या युद्धकालीन समितीने त्यासाठी धडपड केली असती काय, याची दाट शंका आहे. ६०० ग्रॅम हा आकडा चुकीचा होता, परंतु त्याने लोकांना कामाला लावले.

दुसरा भाग अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. दोघांचीही मातृभाषा जर्मन. त्यांची इंग्रजी साधी, विशेषणांवाचून चालणारी. पाच क्रमांकित मुद्द्यांत मजकूर मांडला आहे. पहिल्यात, या महाबाँबचा प्रतिकार व्यवहारतः अशक्य असल्याचे सांगून, स्फोटाच्या जागी किरणोत्सर्गामुळे कित्येक दिवस कोणासही जाता येणार नाही, असे म्हटले आहे. दुसऱ्यात, वाऱ्याबरोबर किरणोत्सर्गी द्रव्ये पसरणार असल्यामुळे मोठ्या संख्येने नागरिक मारल्याशिवाय हा बाँब बहुधा वापरताच येणार नाही आणि त्यामुळे ह्या देशाने वापरावयाचे अस्त्र म्हणून तो कदाचित अयोग्य ठरेल, असा अभिप्राय आहे. आरमारी तळाजवळ पाण्याखाली त्याचा स्फोट करण्याची कल्पनाही तेथे तपासली आहे. परंतु तेथेही पुराच्या लोंढ्याने व किरणोत्सर्गाने नागरिक मरतील, अशी पुस्ती कंसात जोडली आहे. तिसऱ्यात, सर्व मूलभूत माहिती प्रसिद्ध झालेली असल्याने जर्मनीतही हे काम चालू असणे संभवते, असा इशारा आहे. चौथ्यात, यावर आसऱ्याच्या जागा निरुपयोगी असून तशाच बाँबची उलट धमकी हेच परिणामकारक उत्तर होय; म्हणून, हल्ल्याचे साधन म्हणून वापरण्याचा हेतू नसला तरीसुद्धा, उत्पादन लवकरात लवकर सुरू करणे महत्त्वाचे आहे, असे प्रतिपादन आहे. पाचव्यात किरणोत्सर्ग ओळखणारी पथके तयार ठेवण्याची सूचना आहे.

या मुद्द्यांची वाक्यरचना लक्षात घेतली पाहिजे. पहिला मुद्दा जवळजवळ निरपवाद विधान आहे. दुसऱ्यात मात्र 'बहुधा' आणि 'कदाचित' असे दोन संदेहवाचक शब्द आले आहेत. शिवाय आक्षेप 'ह्या देशाने' या पदांपुरता मर्यादित आहे. चौथ्यात मुख्य वाक्य घाईचे आहे आणि संयमाचा आशय 'तरीसुद्धा'ने जोडलेल्या गौण वाक्यात आहे. लेखकांनी हे शब्द हेतुपुरस्सर तोलून घातले असे समजण्याचे कारण नाही. परक्या देशाच्या सरकारला, परक्या भाषेत, नैतिक सल्ला देण्याचा संकोच त्यात असावा. परंतु राज्यव्यवहारात टिपणे जशीच्या तशी पुढे जात नाहीत. त्यांचा सारांश जातो. आणि सारांश करणारा प्रथम गौण वाक्ये गाळतो, हे कोणत्याही दप्तराचा अभ्यास करणाऱ्यास ठाऊक असते.

ऑलिफंट यांनी टिपण सर हेन्री टिझर्ड यांच्याकडे दिले. त्यावरून जी. पी. टॉमसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली आणि तिची पहिली बैठक १० एप्रिल १९४० रोजी, म्हणजे जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वेवर आक्रमण केल्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. तिच्या नावाची कथा सुप्रसिद्ध आहे. बोर सुखरूप असल्याची माइटनर यांनी पाठविलेली एक तार इंग्लंडात आली. तिच्या शेवटी कॉक्रॉफ्ट यांना आणि 'मॉड रे केंट' यांना कळवावे, असे शब्द होते. ही सांकेतिक लिपी असावी अशा समजुतीने अक्षरांची उलथापालथ करून त्यातून 'रेडियम नेले' असा अर्थ काढण्याचाही प्रयत्न झाला. वास्तविक मॉड रे ही बोर यांच्या मुलांना पूर्वी सांभाळणारी बाई असून ती केंट परगण्यात राहत होती. समितीला मात्र 'मॉड' हे नाव मिळून गेले. अर्थ नसलेल्या ठिकाणी अर्थ पाहण्याची आणि अर्थ असेल तेथे तो झाकण्याची सवय या कामाला प्रारंभापासूनच लागली, ती अशी.

त्याहून खेदाची गोष्ट अशी की टिपणाच्या दोन्ही लेखकांना, ते परकीय म्हणून, समितीत काय चालले आहे हे सांगण्यात आले नाही. पायर्ल्स यांनी तक्रार केल्यावर पुढे दोघांचा सल्ला घेतला जाऊ लागला, परंतु तो शास्त्रीय बाबींपुरता. म्हणजे पहिल्या भागाचे लेखक म्हणून त्यांना प्रवेश मिळाला. दुसऱ्या भागाचे लेखक म्हणून त्यांना कोणी विचारले नाही.

जुलै १९४१ मध्ये मॉड समितीचा अहवाल पूर्ण झाला. सुमारे ११ किलोग्रॅम क्रियाशील द्रव्याचा बाँब १८०० टन टीएनटीइतका विध्वंस करील, १९४३ च्या अखेरीपर्यंत पहिल्या बाँबचे द्रव्य तयार होऊ शकेल, असा त्याचा निष्कर्ष. स्फोटस्थळाजवळची जागा किरणोत्सर्गामुळे दीर्घकाळ जीवितास धोकादायक राहील, हेही त्यात नमूद आहे. परंतु येथे ही गोष्ट अस्त्राचा एक गुणधर्म म्हणून येते, त्याच्या वापरावरील आक्षेप म्हणून नव्हे. शिफारशी तीन: योजना व्यवहार्य असून युद्धात निर्णायक ठरण्याचा संभव आहे; काम सर्वोच्च प्राधान्याने व वाढत्या प्रमाणावर चालू ठेवावे; अमेरिकेशी सहकार्य वाढवावे. दुसऱ्या मुद्द्यातील अयोग्यतेचा अभिप्राय या तिन्हींत कोठेही नाही. त्याचे खंडन केलेले नाही, त्यावर चर्चा होऊन तो फेटाळलेलाही नाही. तो तेथे आढळत नाही, इतकेच.

यानंतर ब्रिटनमध्ये या कामासाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला आणि त्यास 'ट्यूब ॲलॉइज', म्हणजे नळ्यांचे मिश्रधातू, असे नाव देण्यात आले. नाव ऐकून कोणास कुतूहल वाटू नये एवढाच त्याचा उपयोग. अमेरिकेत मात्र मॉड अहवालाच्या प्रती लायमन ब्रिग्ज यांच्या तिजोरीत पडून होत्या. ऑगस्ट १९४१ मध्ये ऑलिफंट अमेरिकेस गेले तेव्हा त्यांना याचा शोध लागला आणि त्यांनी लॉरेन्स प्रभृतींना भेटून चक्रे फिरविली. ९ ऑक्टोबर १९४१ रोजी व्हॅनेव्हर बुश यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना ब्रिटिश निष्कर्ष निवेदन केले. पुढचा इतिहास मॅनहॅटन योजनेचा आहे. त्यात शिकागोची 'धातुशास्त्रीय प्रयोगशाळा' धातुशास्त्राची नव्हती. युरेनियम-२३५ ला '२५' आणि ९४ क्रमांकाच्या, २३९ अणुभाराच्या प्लुटोनियमला '४९' म्हणत. एप्रिल १९४३ मध्ये लॉस अलामॉस येथे रॉबर्ट सर्बर नवागतांना व्याख्याने देऊ लागले तेव्हा ते सरळ 'बाँब' हा शब्द वापरीत. आसपास सुतार आणि कामगार वावरत असल्याने ओपेनहायमर यांनी माणूस पाठवून तो शब्द टाळण्यास सांगितले. तेव्हापासून त्या वस्तूला 'गॅजेट' म्हणू लागले. आज हा शब्द मराठी घरांतूनही किरकोळ उपकरणांसाठी रुळला आहे. गुप्ततेला असे शब्द आवश्यक होते हे मान्य केलेच पाहिजे. त्यांवरून कोणाच्या सद्सद्विवेकाची परीक्षा करू नये. तरी दोन-दोन वर्षे रोज हेच शब्द बोलणाऱ्यांना वस्तूचे मूळ नाव घेण्याचे प्रसंग विरळ झाले, हेही खरे.

फ्रिश आणि पायर्ल्स दोघेही लॉस अलामॉसला गेले. माइटनर यांना १९४३ मध्ये निमंत्रण आले असता त्यांनी बाँबच्या कामाशी कसलाही संबंध ठेवण्यास साफ नकार दिला. टिपणातील सर्व युक्तिवाद ज्या तिसऱ्या मुद्द्यावर उभा होता, तो जर्मनीचा धोका, १९४४ च्या अखेरीस उरला नाही. स्ट्रासबर्ग येथे हाती आलेल्या कागदपत्रांवरून जर्मनांपाशी बाँब नसल्याचे स्पष्ट झाले. त्या सुमारास जोसेफ रॉटब्लॅट हे पोलिश शास्त्रज्ञ काम सोडून इंग्लंडास परतले. जर्मनीचा धोका नाही म्हणून लॉस अलामॉस सोडणारे ते एकटेच म्हणून ओळखले जातात. टिपणाच्या तर्कशास्त्राप्रमाणे पाहता अपवाद त्यांचा नव्हे, इतरांचा मानावा लागेल. उलट धमकी ज्याला द्यावयाची तोच उरला नाही, तर 'वापरण्याचा हेतू नसला तरीसुद्धा' हे गौण वाक्य पुन्हा मुख्य व्हावयास हवे होते. परंतु ते वाक्य आता कोणाच्या समोर नव्हते. जून १९४५ मध्ये शिकागोच्या जेम्स फ्रँक समितीने आणि जुलैमध्ये लिओ झिलार्ड यांच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांनी असाच विचार मांडला, पण त्यांना तो नव्याने मांडावा लागला.

वापराचा निर्णय ज्या कागदांत नोंदला आहे त्यांची भाषा पाहण्यासारखी आहे. ३१ मे १९४५ रोजी वॉशिंग्टन येथे अंतरिम समितीच्या बैठकीत असे ठरले की नागरी वस्तीवर भर देता येणार नाही, परंतु शक्य तितक्या अधिक रहिवाशांच्या मनावर खोल परिणाम घडवावा. यासाठी बहुसंख्य कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी निकट वेढलेला एखादा महत्त्वाचा युद्धसामग्रीचा कारखाना हे इष्ट लक्ष्य होय. कामगारांची घरे ही नागरी वस्तीच. पण नोंदीत ती कारखान्याचे विशेषण होऊन आली आहेत.

दुसरा कागद ब्रिटनच्या संबंधात अधिक महत्त्वाचा. ऑगस्ट १९४३ च्या क्वेबेक करारान्वये, परस्परांच्या संमतीवाचून हे अस्त्र तिसऱ्या कोणाविरुद्ध वापरावयाचे नाही, असे दोन्ही राष्ट्रांनी मान्य केले होते. त्यानुसार ४ जुलै १९४५ रोजी संयुक्त धोरण समितीपुढे फील्डमार्शल विल्सन यांनी ब्रिटिश सरकारची संमती सांगितली. नोंदीत म्हटले आहे की जपानविरुद्ध 'टी. ए.' अस्त्राच्या वापरास ब्रिटन अनुकूल आहे. टी. ए. म्हणजे ट्यूब ॲलॉइज. 'ह्या देशाने वापरण्यास कदाचित अयोग्य' असे जे फ्रिश-पायर्ल्स यांनी लिहिले होते, त्याचे अक्षरशः उल्लंघन ह्या देशाने केले नाही. वापर दुसऱ्याने केला, ह्याने संमती दिली, आणि तीही मिश्रधातूच्या नावाने. पाच वर्षांपूर्वीचे दुसऱ्या क्रमांकाचे वाक्य त्या खोलीत कोणी वाचले असते तरी निर्णय बदलला असता असे म्हणता येत नाही. मात्र निर्णय घेणाऱ्यांना ते वाचून मग बाजूस सारावे लागले असते.

१६ जुलै १९४५ रोजी पहाटे न्यू मेक्सिकोतील वाळवंटात ट्रिनिटी नावाने पहिली चाचणी झाली. वाऱ्याबरोबर पसरणाऱ्या द्रव्यांसंबंधी टिपणाने वर्तविलेले भविष्य प्रथम प्रत्ययास आले ते शत्रुप्रदेशात नव्हे, तर तेथील शेतकरी-पशुपालकांच्या घरांवर. त्यांना आधी कोणी हलविले नव्हते की सांगितलेही नव्हते. चाचण्यांच्या किरणोत्सर्गाने बाधित झालेल्यांना भरपाई देणारा अमेरिकन कायदा १९९० मध्ये झाला, परंतु ट्रिनिटीच्या परिसरातील लोकांचा त्यात समावेश नव्हता; तो २०२५ मध्ये झाला, म्हणजे चाचणीनंतर ऐंशी वर्षांनी.

६ ऑगस्ट रोजी हिरोशिमा आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकी. हिरोशिमातील मृतांची संख्या त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजारांवर गेली होती. सप्टेंबरच्या आरंभी विल्फ्रेड बर्चेट या पत्रकाराने हिरोशिमातून, वरून धडधाकट दिसणारी माणसे अनाकलनीय रोगाने मरत असल्याची वार्ता पाठविली, तेव्हा अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी ती खोडून काढण्याचा यत्न केला. जनरल ग्रोव्ह्ज यांनी तर नोव्हेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे, किरणोत्सर्गाने येणारे मरण डॉक्टरांच्या मते सुखाचे असते, अशा अर्थाचे उद्गार काढले. किरणोत्सर्गाचे परिणाम अनपेक्षित होते, असा समज पुढे बराच काळ प्रचलित राहिला. मार्च १९४० चा कागद डोळ्यांपुढे ठेवला असता हा समज टिकत नाही. पाचापैकी तीन मुद्द्यांत किरणोत्सर्गाचा विषय आहे.

टिपणाचा चौथा मुद्दा मात्र वाया गेला नाही. उलट धमकी हेच उत्तर, हे तत्त्व युद्धानंतर मोठ्या राष्ट्रांच्या धोरणाचा पाया बनले. ब्रिटनने स्वतःचा पहिला स्फोट ३ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियाजवळच्या माँटे बेलो बेटांपाशी केला. तो एका जहाजाच्या तळात, उथळ पाण्यात केला गेला. शत्रूने बंदरात लपवून आणलेल्या बाँबचा परिणाम काय होईल हे त्यावरून पाहावयाचे होते. बंदर, पाणी आणि किरणोत्सर्ग यांचा एकत्र विचार टिपणातील त्या कंसात बारा वर्षांपूर्वीच झालेला होता.

मूळ टिपण युद्धानंतर कित्येक वर्षे अप्रकाशित राहिले. त्याचा शास्त्रीय भाग मार्गारेट गोइंग यांनी ब्रिटनच्या अणुसंशोधनाचा युद्धकालीन इतिहास लिहिला त्याच्या परिशिष्टात १९६४ मध्ये छापला. दुसरा भाग रोनाल्ड क्लार्क यांनी लिहिलेल्या टिझर्ड यांच्या चरित्रात १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच टिपणाचे दोन भाग दोन लेखकांच्या दोन ग्रंथांत, एका वर्षाच्या अंतराने छापले गेले. आणि त्यांपैकी पहिलाच ग्रंथ हाताशी असलेल्या वाचकाला ६०० ग्रॅमचा आकडा सापडतो, नागरिकांविषयीचे वाक्य सापडत नाही.